अंगणातली जीप रस्त्यावर आणताना

कुणाच्या तरी वाड्यामागे, पोल्ट्रीच्या शेडमध्ये किंवा बंद पडलेल्या गॅरेजात ताडपत्रीखाली एखादी जुनी जीप उभी असते. मालक सांगतो, "बॅटरी टाकली की चालू होईल." हे वाक्य कानावर पडलं की किंमत निम्म्यावर आणून बोलायला हरकत नाही. बॅटरी टाकून चालू होणारी गाडी मालकाने बॅटरी टाकून चालू करूनच दाखवली असती.

घरी सुरू केलेल्या जीपच्या कामांपैकी बरीच कामं अर्ध्यावर अडतात. इंजिन अवघड गेलं म्हणून अडलेली त्यात थोडी. बाकीची अडतात ती पैसा आणि हौस चुकीच्या टोकाकडून खर्च केल्यामुळे. आधी रुंद टायर येतात, मग एलईडी दिवे, मग झकास रंग. चेसिसला तडा आहे हे रंग वाळल्यावर कळतं, आणि आरसी बुकात पेट्रोल लिहिलंय तर बॉनेटखाली डिझेल इंजिन कसं, हे आरटीओच्या आवारात उभं राहिल्यावर. म्हणून या लेखातला क्रम मी सोडणार नाही: आधी कागद, मग चेसिस, मग ब्रेक आणि स्टीअरिंग, त्यानंतर फोर व्हील ड्राइव्ह आणि इंजिन, आणि दिसणं सगळ्यात शेवटी.

कोणती जीप

आपल्याकडे या कामाला सर्वांत सोयीची गाडी म्हणजे महिंद्राची जुनी जीप. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्डने बनवलेली लष्करी जीप आपल्याकडे आली. पुढे १९४९ मध्ये महिंद्राने मुंबईत माझगावला विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली. उंच बॉनेटची सीजे ३बी विलीजने अमेरिकेत १९५३ पासून बनवली आणि १९६८ मध्ये थांबवली. आपल्याकडे तीच घडण त्यानंतरही बरीच वर्षं चालू राहिली. ऐंशीच्या दशकात एमएम ५४० आली. तिच्यात प्यूजोचं २११२ सीसीचं एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन. या सगळ्या गाड्यांचा सांगाडा एकाच घराण्यातला आहे: शिडीसारखी चेसिस, चारही बाजूंना पाटे, पुढे-मागे अखंड हाउसिंग, आणि कुठेही कॉम्प्युटर नाही. घरच्या माणसाला पान्याने खोलता येईल अशी ही गाडी आहे, आणि पार्टही मिळतात. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर आणि कुर्ल्याचा भंगार बाजार, दिल्लीत कश्मीरी गेट. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तर नमुना दाखवला की बुश, पिन, फ्लँज लेथवर करून मिळतात.

विकत घेताना एक गोष्ट डोळ्यांनी बघा. आपल्या गावोगावी वडापला धावलेल्या महिंद्रा जीपपैकी कितीतरी नुसत्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या होत्या. बाहेरून तोंडवळा तोच. गाडीखाली वाकून पुढच्या ॲक्सलला डिफरन्शियलचा गोळा आहे का, त्याच्याकडे येणारा प्रॉपेलर शाफ्ट आहे का, आणि आत मुख्य गिअर लिव्हरशिवाय आणखी लिव्हर आहे का, हे तपासा. गोळा असूनही आतले शाफ्ट काढून टाकलेली गाडी सापडते. "फोर बाय फोर चालू आहे" या शब्दावर विसंबू नका. मातीच्या जमिनीवर लिव्हर टाकून, पुढची चाकं ओढतात का ते बघा.

पंजाब-हरियाणाकडून, विशेषतः सिरसा जिल्ह्यातल्या मंडी डबवालीहून, चकाचक बनवलेल्या जीप आपल्याकडे येतात. त्या दिसायला देखण्या असतात, पण चेसिस कुठली, इंजिन कुठलं आणि कागद कुठल्या गाडीचे, याचा मेळ बसला तरच त्यांच्याकडे वळा. दिल्लीच्या आसपासची गाडी असेल तर आणखी सावध व्हा. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, त्यामुळे त्या स्वस्तात बाहेर पडल्या. ना हरकत प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नये.

कागद

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर वाचा, मग आरसीशी ताडून पाहा. घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा वेल्डिंगच्या पट्टीखाली गेलेला नंबर दिसला तर तिथून निघा. तीन अक्षरी जुन्या नंबराच्या कित्येक गाड्यांची नोंद 'वाहन' प्रणालीवर चढलेलीच नसते. ती बॅकलॉग नोंद मूळ आरटीओतून करून घ्यावी लागते, आणि ते काम विकणाऱ्याच्या गळ्यात असतानाच झालेलं बरं. नोंदणीची पंधरा वर्षं कधीच संपलेली असतात. पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण, हरित कर, विमा, नवी सुरक्षित नंबरप्लेट हा खर्च गाडीच्या किमतीत धरा.

आता मुख्य निर्णय. गाडी जशी कारखान्यातून निघाली तशी करायची, की आपल्या सोयीने बदलायची? हा निर्णय आवडीचा वाटतो, पण आधी तो कायद्याचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेला मूळ तपशील आणि आरसीतला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. रंग बदलणं किंवा किरकोळ जोडणी यांना आडकाठी नाही, पण घडण बदलली तर नोंदणी होणार नाही. त्याच प्रकारचं इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी घेऊन नोंद करून घ्यायची. लांबवलेली चेसिस, भलत्याच गाडीचं इंजिन, पुढचा लोखंडी बुलबार हे सगळं या कलमात अडकतं. दंड प्रत्येक बदलामागे आहे.

गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी असेल तर तुमच्यापुढे आणखी एक वाट आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. त्यात 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नोंदणी दहा वर्षांची असते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीचं ५,००० रुपये ठरवलं गेलं. अट मात्र कडक आहे: चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात हवं. शिवाय अशी गाडी रोज बाजारात न्यायला चालत नाही; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशाच कामांना ती रस्त्यावर येऊ शकते. म्हणजे १९६० ची सीजे ३बी तुमच्या हाती आली आणि तुम्ही तिच्यात पॉवर स्टीअरिंगसकट डिझेल इंजिन कोंबलं, तर तुम्ही एक दार कायमचं बंद केलंत. माझं मत विचाराल तर पन्नाशी ओलांडलेली, मूळ इंजिन अंगावर असलेली जीप बदलू नये. हात चालवायचा असेल तर एमएम ५४० घ्या.

खोलण्याआधी

जागा हवी ती गाडीच्या दुप्पट, आणि खाली सपाट सिमेंट. गाडी उचलल्यावर ती लोखंडी घोड्यांवरच टेकवा. कोकणातला चिरा, सिमेंटचा पोकळ ब्लॉक, विटांचा थर यांपैकी काहीही गाडीखाली लावून तिच्याखाली झोपू नका. पोकळ ब्लॉक तडकताना आधी कळत नाही. सीजे ३बी आणि तिच्या आधीच्या जीपबद्दल हे लक्षात ठेवा: हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे प्रॉपेलर शाफ्टवर असतो. मागचं एक चाक जमिनीवरून उचललं की डिफरन्शियल ते चाक मोकळं फिरू देतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते. दोन्ही बाजूंनी लाकडी उटी लावल्याशिवाय जॅकला हात नको.

पान्यांचा एक घोळ समजून घ्या. विलीजच्या घराण्यातल्या चेसिस, हाउसिंग आणि गिअरबॉक्सचे नट-बोल्ट इंचाचे आहेत. प्यूजोचं इंजिन मिलिमीटरचं. एमएम ५४० मध्ये दोन्ही एकत्र नांदतात. पाऊण इंचाच्या नटाला १९ चा पाना बिनधास्त बसतो, पण अर्ध्या इंचाच्या नटाला १३ चा पाना लावला की नटाचे कोपरे गोल होतात, आणि ९/१६ ला १४ चा पाना चढतच नाही. चांगल्या गोटी सेटवर खर्च करा, आणि इंचाचा व मिलिमीटरचा सेट वेगळ्या डब्यांत ठेवा. डाव्या बाजूच्या चाकांचे नट जुन्या जीपमध्ये उलट्या आट्यांचे असतात. जोर लावून मोडण्याआधी बोल्टच्या टोकावर इंग्रजी 'एल' कोरलंय का बघा.

गंजलेला नट पहिल्या झटक्यात सोडवू नका. तारेच्या ब्रशने आटे साफ करा, गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, सकाळी आधी किंचित आवळा आणि मग सोडा. तरी हलला नाही तर उष्णता. पण पेट्रोलची टाकी सीटखाली असते हे विसरू नका. ती काढून लांब ठेवल्याशिवाय गॅसकटर किंवा वेल्डिंग नाही. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, म्हणून टाकीला भोक पडलं असेल तर ती घरी डागू नका, ते काम करणाऱ्याकडे द्या.

काढलेला प्रत्येक जोड पिशवीत, पिशवीवर जाड मार्करने नाव, आणि खोलण्याआधी फोटो. फोटो जवळून आणि लांबून, दोन्ही. शॅकलचा बोल्ट कोणत्या बाजूने आत शिरला होता, ब्रेक पाइप चेसिसच्या आतून गेला होता की बाहेरून, हे चार महिन्यांनी कुणालाही आठवत नाही. आणि एक सवय लावून घ्या: जुना पार्ट नवा बसेपर्यंत टाकायचा नाही. नमुन्याशिवाय टर्नर काय करणार?

चेसिस

बॉडी चेसिसवर बोल्टने बसलेली आहे. दिवे, वायरिंग, स्टीअरिंग कॉलम, टाकी, सीटा सुटल्यावर पाच-सहा जण मिळून टब उचलून बाजूला ठेवता येतो. बॉडी न उतरवता चेसिसचं काम करण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण गंज नेमका टबच्या आणि चेसिसच्या मधल्या फटीत बसलेला असतो.

चेसिस घासून साफ झाली की छोट्या हातोडीने तिच्यावर टकटक करत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा जाड आहे. बद्द आवाज आला तिथे आत चिखल किंवा गंज आहे. पुढचा क्रॉस मेंबर, पाट्यांचे हँगर, शॅकलची जागा, स्टीअरिंग बॉक्सच्या आसपासचा भाग आणि मागचा आडवा मेंबर, या ठिकाणी तडे हमखास सापडतात. मग दोन्ही बाजूंच्या सारख्या भोकांपासून कर्ण मोजा. पुढच्या डाव्या हँगरपासून मागच्या उजव्यापर्यंत, आणि उलट. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर चेसिस वाकडी आहे आणि ती सरळ करणाऱ्याकडे न्यावी लागेल. त्यावर कितीही अलाइनमेंट केली तरी गाडी एका बाजूला ओढतच राहील.

तडा दिसला की नुसती वरून वेल्डिंगची रेघ मारणं पुरेसं नाही. तड्याच्या दोन्ही टोकांना छोटं भोक पाडा म्हणजे तो पुढे सरकणार नाही, मग खाच करून वेल्ड भरा, आणि वर तिरक्या कडांची पट्टी जोडा. पट्टीचं टोक चेसिसला काटकोनात आडवं आलं तर नवा तडा बरोबर त्याच ओळीत जातो. हे वेल्डिंग तुम्हाला येत नसेल तर शिकण्याची जागा ही नव्हे. चांगला वेल्डर घरी बोलवा. आणि चेसिस नंबरच्या भागाला ग्राइंडर लावू नका, तिथे जाड रंगही नको. पासिंगच्या वेळी त्या नंबराचा पेन्सिलने छाप घेतला जातो. तो उमटला नाही तर प्रश्न तुमच्यावर.

पाटे उतरलेच आहेत तर प्रत्येक पान वेगळं करून बघा. तुटलेलं पान बदला, सपाट झालेले पाटे कमानवाल्याकडून वाकवून घ्या, बुश आणि पिना नव्या टाका. यू-बोल्ट जुने वापरू नका. ते एकदा ताणलेले असतात.

थांबणं आणि वळणं

ब्रेकमधलं रबर तपासत बसू नये, सरळ बदलावं. मास्टर सिलिंडरचं किट, चारही चाकांच्या व्हील सिलिंडरची रबरं, तिन्ही होजपाइप. सिलिंडरच्या आत बोट फिरवा. खड्डे लागले तर नुसत्या रबराने भागणार नाही, सिलिंडरच नवा. पाइप स्टीलचेच घ्या. साधा तांब्याचा पाइप वाकवायला सोपा म्हणून कुणी सुचवेल, पण थरथरीने तो कडक होऊन तडकतो. ब्रेक ऑइल डॉट ३. त्यात चुकूनही इंजिन ऑइल गेलं तर सगळी रबरं फुगतात. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. आपल्या उजव्या हाताच्या गाडीत ते चाक मागचं डावं.

जुन्या जीपमध्ये ब्रेकची एकच लाइन असते. कुठेही एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. मूळ रूप जपायचं नसेल तर दोन लाइनींचा मास्टर सिलिंडर हा मला पटणारा पहिला बदल. तो बाहेरून दिसतही नाही. मात्र तो कुणा जाणत्याकडूनच बसवा आणि त्याची बाब आरटीओत आधी विचारून घ्या.

स्टीअरिंगचा ढिलेपणा एकाच जागी नसतो. सीजे ३बीमध्ये बॉक्सपासून चाकापर्यंत जोडांची साखळी आहे: बॉक्स, ड्रॅगलिंक, पुढच्या मेंबरवरचा बेलक्रँक, टायरॉडचे बॉल, आणि नकलमधले किंगपिन. एकाला स्टीअरिंग थोडं-थोडं हलवायला सांगा आणि तुम्ही खाली वाकून प्रत्येक जोडावर हात ठेवा. हालचाल कुठे हरवते ते हाताला कळतं. बेलक्रँकची पिन-बुश बहुतेक वेळा झिजलेली असते आणि मेकॅनिक आधी बॉक्स खोलतात. चाळीसच्या वेगात खड्डा लागल्यावर पुढची चाकं थडथड नाचायला लागतात, तो प्रकार बहुधा किंगपिनच्या बेअरिंगचा. शिम घालून त्यांना ताण द्यायचा असतो, आणि तो अंदाजाने न देता स्प्रिंगकाटा लावून, दोन्ही बाजू सारख्या, द्यायचा. पुढे टो-इन एक ते अडीच मिलिमीटर पुरे.

पुढच्या चाकामागचा गोल, बॉलसारखा भाग तेलाने माखलेला असेल तर तिथलं सील गेलंय. आत गिअर ऑइल उतरत असेल तर हाउसिंगमधलं आतलं सीलही. दोन्ही एकदमच बदला.

चारही चाकांची ताकद

या गाड्यांमध्ये पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मधे डिफरन्शियल नसतं. लिव्हर टाकला की दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट एकाच गतीने बांधले जातात. म्हणूनच कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकायची नसते. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात आणि तो ताण गिअरवर साठत जातो. याच कारणाने दोन्ही हाउसिंगचं प्रमाण एकच हवं आणि चारही टायर एकाच मापाचे. जुन्या गाडीत मागचं क्राऊन-पिनियन कधीतरी बदललेलं असतं, मिळेल त्या प्रमाणाचं. मालकाला पत्ता नसतो, कारण फोर व्हील कधी टाकलीच नाही.

हे घरीच मोजता येतं. गाडी न्यूट्रलमध्ये, फोर व्हील बंद, हँडब्रेक सोडलेला, बाकीच्या चाकांना उटी. एकच चाक उचला. टायरवर आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूने खूण करा. ते चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. दुसरं चाक जमिनीवर अडकलेलं असल्यामुळे दोन फेऱ्यांना क्राऊनचा एक फेरा होतो, म्हणून शाफ्टचा आकडा हेच प्रमाण. सीजे ३बीला ते ५.३८ असतं, म्हणजे ४३ दाते आणि ८ दाते. शाफ्ट सव्वापाचच्या किंचित पुढे जाऊन थांबेल. लष्करी विलीजला ४.८८, म्हणजे ३९ आणि ८. पुढे-मागे आकडा वेगळा आला तर एक क्राऊन-पिनियन बदलेपर्यंत फोर व्हीलचा लिव्हर बांधून ठेवा.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसमध्ये ९० नंबरचं जीएल-४ ऑइल घाला. जीएल-५ मधली काही रसायनं पितळी भागांना खातात. गिअरबॉक्सची पातळी कमी आणि ट्रान्सफर केसची जास्त दिसली तर घाबरू नका, ऑइल एकातून दुसऱ्यात सरकत असतं. मात्र दोन्ही पातळ्या एकाच वेळी तपासायची सवय ठेवा.

इंजिन

लोक सर्वांत आधी इंजिन खोलतात, आणि खरं तर त्याचीच गरज सर्वांत कमी वेळा असते. आधी कॉम्प्रेशन मोजा. चार सिलिंडरमधला फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन राहू द्या. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा: आकडा वाढला तर रिंगा किंवा बोअर, नाही वाढला तर वॉल्व्ह. निळा धूर ऑइलचा, काळा धूर हवा कमी पडल्याचा किंवा नोझलचा. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर हेड गॅस्केट बघा.

सीजे ३बीच्या पेट्रोल इंजिनाची एक गंमत आहे: इनलेट वॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट वॉल्व्ह ब्लॉकमध्ये. हेड काढून वॉल्व्ह घासून आणले म्हणजे निम्मंच काम झालं, हे नव्या पोराला माहीत नसतं. या इंजिनाची सवय असलेला म्हातारा मेस्त्री तालुक्याच्या गावी अजून भेटतो. त्याच्या हाताखाली एक दिवस उभं राहा. डिझेलवाल्यांनी पंप आणि नोझल कॅलिब्रेशनला पाठवावेत आणि त्यांना घरी हात लावू नये. टाकी, पाइप आणि फिल्टर मात्र आधी स्वच्छ करा, नाहीतर नवा केलेला पंप जुन्या टाकीतला गंज ओढेल.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची आपल्याकडे रीत आहे. रेडिएटर खोलून साफ करा, फॅनबेल्ट बघा, आणि थर्मोस्टॅट परत बसवा.

पत्रा, वायर, रंग

फ्लोअर, टूलबॉक्सचा तळ आणि टबचे मागचे कोपरे सडलेले असणारच. १८ गेजचा सीआर पत्रा कापून जोडा. गंजावर पॉलिएस्टरची लांबी थापणारा डेंटर स्वस्त पडतो, पण किनारपट्टीवर ती एका पावसाळ्यात फुगून वर येते. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, मग लांबी, तीही पातळ. पीयू रंग फवारायचा असेल तर साध्या रुमालावर भागवू नका, त्यातली रसायनं फुप्फुसाला बाधतात. घरच्या घरी साधा सिंथेटिक इनॅमल चांगला, आणि जीपला तो शोभतोही.

रंगाबद्दल वाईट बातमी. जीप म्हटलं की सगळ्यांना लष्करी हिरवाच हवा असतो, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ क्रमांकाच्या नियमानुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कुणालाही लावता येत नाही. गडद शेवाळी, वाळूचा, राखी असे रंग आहेत. काहीही लावा, आरसीत बदलून घ्या.

वायरिंग जोडतोड करून वाचवू नका. नवीन हार्नेस, प्रत्येक लाइनला फ्यूज, हेडलाइटला रिले. जुनी विलीज सहा व्होल्टची, सैन्यातून आलेल्या काही गाड्या चोवीस व्होल्टच्या. बल्ब, सेल्फ, गेज सगळं त्याच व्होल्टचं आहे का बघून मगच बॅटरी लावा. रंग झाल्यावर दिवे मंद जळतात, हॉर्न कण्हतो, आणि लोक अल्टरनेटर बदलतात. दोष बहुधा अर्थिंगचा असतो: रंगाच्या थराखाली धातूचा धातूशी संबंधच उरलेला नसतो. इंजिन ते चेसिस आणि चेसिस ते बॉडी अशा जाड पट्ट्या, रंग खरवडून, बसवा.

बदल करायचेच असतील तर

सीजे ३बीचा व्हीलबेस ऐंशी इंच. एवढ्या आखूड आणि उंच गाडीला आणखी चार इंच उचललं की ती देखणी दिसते आणि उलटायला सोपी होते. उंची वाढली की प्रॉपेलर शाफ्टचा कोन तिरपा होऊन जॉइंट लवकर जातात, होजपाइप कमी पडतात, आणि ड्रॅगलिंकचा कोन बदलल्याने खड्ड्यात स्टीअरिंग आपोआप वळतं. मोठे टायर घातले की स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो आणि पूर्ण वळणावर टायर पाट्याला घासतो. मूळ ६.०० बाय १६ चा उभा, बारीक टायर सह्याद्रीच्या चिखलात कुणाला कमी पडल्याचं मी ऐकलेलं नाही. पैसे घालायचेच तर सीटबेल्टवर घाला. त्याचे बोल्ट टबच्या पातळ पत्र्यात न बसवता चेसिसला पोचणाऱ्या आधारावर बसवा.

पहिले पाचशे किलोमीटर

पहिली फेरी कंपाउंडच्या आत, दुसरी रिकाम्या रस्त्यावर आणि वीसच्या वेगात. ब्रेक दाबल्यावर गाडी कुणीकडे ओढते ते बघा. दहा किलोमीटरनंतर थांबून चारही हबना हात लावा. एखादा चटका देत असेल तर तिथला ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग जास्त आवळलंय. पन्नास किलोमीटरवर चाकांचे नट, शंभरावर यू-बोल्ट आणि प्रॉपेलर शाफ्टचे बोल्ट पुन्हा आवळा. गाडीखाली रात्री पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी थेंब कुठे पडले त्यावरून सील कुठलं गेलं ते कळेल, आणि रंगावरून ते ब्रेक ऑइल आहे की गिअर ऑइल. ब्रेक ऑइलचा एक थेंब दिसला तरी गाडी हलवायची नाही. गिअर ऑइलचे दोन-चार थेंब या घराण्यात चालतात. पाचशेवर इंजिन, गिअरबॉक्स आणि दोन्ही हाउसिंगचं ऑइल गरम असतानाच काढा, आणि ते पांढऱ्या फडक्यातून गाळून बघा. बारीक राखेसारखा गाळ दिसला तर नवे पार्ट बसतायत. बोटांना टोचेल असा कीस आला तर ते हाउसिंग पुन्हा खोला.